मोराच्या नावाची ढोली

पाखरं आपल्या पिल्लांना शाळेत घालायची, त्या जुन्या काळातली गोष्ट. जांभळीखाली शाळा भरायची आणि पहारा टिटवीचा असायचा. ससाणा दिसला की ती "ढोलीत" म्हणून ओरडायची, अन् पिल्लं झाडाच्या ढोलीत शिरायची.

एकदा मोराने ढोलीत अंथरायला मऊ मऊ पिसं दिली. शाळेत नुसती धमाल उडाली. कावळेगुरुजींनी जांभळं वाटली आणि ढोलीचं नाव ठेवलं, 'दानशूर श्रीमंत पिसारेराव मयूर विश्रांतिभवन'.

"टिटवे, यापुढे पूर्ण नाव घ्यायचं," मोर म्हणाला. "नाहीतर पहारा दुसऱ्याला."

"घेईन की. पण ससाणा तेवढा थांबेल का?"

"तुझी जीभच जड, त्याला माझं नाव काय करणार?"

सगळे खो खो हसले. टिटवी आतून धुमसली, पण पहारा म्हणजे तिचा जीव की प्राण. ती पुन्हा पहाऱ्याला उभी राहिली.

जांभळं अजून चोचीत होती, तोच ससाणा झेपावला. पिल्लं टिटवीच्या तोंडाकडे बघत जागीच थांबली.

"दानशूर श्रीमंत पिसारेराव..." टिटवीने सुरुवात केली. ससाण्याची सावली नेमकी मोराच्या पिल्लावर पडली.

"अगं, ढोलीत म्हण, ढोलीत!" मोर किंचाळला.

टिटवीने अशी आरोळी ठोकली की पिल्लं डोळ्याचं पातं लवायच्या आत ढोलीत गडप झाली. ससाण्याच्या नखांत नुसतं गवत आलं.

"आता त्या नावाचं काय करायचं, पिसारेराव?" गुरुजींनी हळूच विचारलं.

मोराने ढोलीतून बाहेर आलेलं आपलं पिल्लू पंखाखाली घेतलं. "राहू द्या की," तो म्हणाला. "ससाणा नसेल तेव्हा घेत जा."