ऊन येईपर्यंत

पूर्वी मरुदेशात सुयाम राजा राज्य करीत असताना तिथल्या गुंजनपक्ष्यांत एक नियम होता, आणि त्याबद्दल विचारायचे नाही, हाही नियमच होता. ऊन टेकडीच्या माथ्यावर येईपर्यंत जो जागा झाला नाही, तो मेला. प्रेताच्या वासाने साप चढतो, म्हणून त्याला फांदीवरून खाली ढकलायचे आणि फुलांकडे निघायचे.

त्या काळी बोधिसत्त्व याच थव्यात रुंजी नावाची पक्षीण होऊन जन्माला आले होते. अंगठ्याएवढा जीव, पण जिभेला धार.

"मेला हे कशावरून?" ती विचारी.

"गार पडलाय त्यावरून," कंटका आत्या म्हणे. "फार विचारू नकोस, चोच झिजेल."

तिच्या प्रश्नांना हसे तो एकटा नीलककाका. म्हातारा झालेला, गळ्यावरची जांभळी पिसे विटलेली. हवेत एका जागी स्थिर राहून फुलाला धक्का न लावता मध कसा प्यायचा, हे त्यानेच तिला शिकवले होते. ती धडपडली की म्हणायचा, "अगं, फूल आहे ते, भांडण नव्हे."

एका हिवाळ्यात रात्री वाळूसुद्धा गारठली. सकाळी सगळ्यांनी पंख झाडले. नीलककाका मात्र चोच वर करून, डोळे मिटून, खड्यासारखा बसून होता.

"ढकल त्याला," थव्याचा प्रमुख भद्रक म्हणाला. "तूच जवळ आहेस."

रुंजीने त्याच्या छातीला डोके लावले. काहीच नाही. तरी तिने डोके उचलले नाही. बऱ्याच वेळाने एक ठोका पडला. मग पुन्हा शांत.

"धडधडतंय!"

"तुझंच असेल," आत्या म्हणाली.

"थांबा ना. निदान ऊन तर येऊ दे त्याच्या अंगावर."

"उन्हाने मध सुकतो, पोरी," भद्रक म्हणाला. "रात्रभराचे उपाशी आहोत. सकाळी चोच ओली झाली नाही, तर आपल्यातला कुणी दुपार बघत नाही. मेलेल्यासाठी तू मरणार?"

तो खोटे बोलत नव्हता. रुंजीचे पंख आताच थरथरू लागले होते. पण ती काकाला आणखी चिकटून बसली. थवा निघून गेला.

ऊन टेकडीवरून सावकाश उतरले. आधी नेपतीच्या झुडपाच्या शेंड्यावर आले, मग काट्यांवर. रुंजीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. अखेर ते काकाच्या गळ्यावर पडले आणि विटलेल्या पिसांत जांभळा रंग चमकला. काकाचे सारे अंग शहारले. एक डोळा उघडला.

"फुलं सोडून इथे काय करतेस गं?"

"तुझी वाट बघतेय."

झुडपाच्या सावलीकडच्या बाजूला एक लाल फूल अजून ओले होते. काका तिला अडखळत तिथे घेऊन गेला. "आधी तू," म्हणाला. थवा परतला तेव्हा दोघे एकाच फुलातून आळीपाळीने मध पीत होते.

भद्रकाने मान फिरवली. "एखाद्या वेळी होतं असं. नियम तो नियम. उद्या जो उठणार नाही, त्याला ढकलायचंच."

"नाही," रुंजी म्हणाली. "मी ढकलणार नाही, आणि माझ्यासमोर कुणाला ढकलू देणार नाही. आधी ऊन येईल, मग काय ते ठरेल."

भद्रकाने काही बोलायला चोच उघडली आणि आत्याकडे पाहिले. आत्या झुडपाखालच्या वाळूकडे बघत होती. मागच्या हिवाळ्यात तिने आपले पिल्लू तिथेच ढकलले होते.

तापाने फणफणलेल्या सोबत्याला, हा काही दुपार बघत नाही, असे म्हणून कुटीत टाकून जे ज्येष्ठ भिक्षू भिक्षेला गेले होते, त्यांना शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवन विहारात ही कथा सांगितली. "तो थवा म्हणजे तुम्ही," ते म्हणाले. "नीलककाका म्हणजे कुटीत पडलेला तुमचा सोबती. आणि रुंजी मीच होतो. तिने स्वतःची सकाळ दुसऱ्याला दिली, त्या गुणाचे नाव करुणा."

भिक्षूंतला सर्वांत वृद्ध उठला आणि पाणी तापवायला गेला.