फुलचुखी आणि खुर्चीवरचा कोट

एक होती फुलचुखी. बोटाएवढी. तिचं घरटं ऑफिसच्या खिडकीबाहेर. घरट्यात एक पिल्लू.

एक दिवस पिल्लाचा गारवा हरवला. भिंतीवर एसीचा डबा बसला ना! आत गार, बाहेर गरम. घुंऽऽ घुंऽऽ! सगळी वाफ घरट्यावर. पिल्लाने चोच उघडली, ती मिटेचना.

फुलचुखी रागावली. भुर्रर्र उडाली.

"डब्या डब्या, थांब की रे! पिल्लू माझं निजेना!"

डबा म्हणाला, "बटण दबल्याशिवाय मी नाही थांबणार. घुंऽऽ!"

वा रे वा! फुलचुखी फटीतून आत गेली. भुर्रर्र!

"बटणा बटणा, दब की रे! डबा थांबेना, पिल्लू माझं निजेना!"

बटण म्हणालं, "भिवाकाकांनी बोट लावल्याशिवाय मी नाही दबणार."

भिवाकाका म्हणजे ऑफिसचे शिपाई. दाराशी स्टुलावर बसले होते. भुर्रर्र!

"काका काका, बोट लावा! बटण दबेना, डबा थांबेना, पिल्लू माझं निजेना!"

काका म्हणाले, "छे छे! खुर्चीवर कोट आहे. म्हणजे साहेब आहेत!"

"अहो, खुर्ची रिकामी आहे!"

"असू दे. कोट उतरल्याशिवाय मी नाही बोट लावणार."

आता काय म्हणावं या काकांना! भुर्रर्र!

"कोटा कोटा, उतर की रे! काका ऐकेनात, बटण दबेना, डबा थांबेना, पिल्लू माझं निजेना!"

कोट म्हणाला, "साहेबांनी घातल्याशिवाय मी नाही उतरणार."

आणि साहेब कुठे? खांबेटे साहेब अंगणात! आत फार गारठा, म्हणून बाहेर ऊन खात बसलेले! भुर्रर्र!

"साहेब साहेब, उठा की हो! कोट उतरेना, काका ऐकेनात, बटण दबेना, डबा थांबेना, पिल्लू माझं निजेना!"

साहेब म्हणाले, "चहा संपल्याशिवाय मी नाही उठणार."

फुलचुखी लालेलाल झाली. कपाच्या काठावर बसली.

"चहा चहा, संप की रे! साहेब उठेनात, कोट उतरेना, काका ऐकेनात, बटण दबेना, डबा थांबेना, पिल्लू माझं निजेना!"

चहा म्हणाला, "मी गरम गरम! वारा आल्याशिवाय मी नाही निवणार."

"वारा? अरे, वारा तर माझ्या पंखांत!"

फड फड फड! फड फड फड!

चहा निवला. साहेबांनी पिऊन टाकला. साहेब उठले, आत गेले. "अरे बापरे, काय गारठा!" कोट उतरला, अंगात गेला. काकांनी बोट लावलं. बटण दबलं. टक! डबा थांबला. घुंऽ... घुं... गप्प! पिल्लाने चोच मिटली. पिल्लू निजलं.

पण फुलचुखीचा राग काही निजला नाही. ती टेबलावरच येऊन बसली.

"साहेब, आत कोण होतं?"

"कोणीच नाही."

"मग गार कुणाला करत होतात?"

साहेबांनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं.

"को... कोटाला!"

"कोटाला गारवा आणि माझ्या पिल्लाला चटके? हा कुठला न्याय?"

साहेबांनी कान पकडले. "चुकलं गं बाई!"

तेव्हापासून साहेब खोलीबाहेर निघाले, की स्वतः बटण दाबतात. टक! आणि कधी विसरलेच, तर पिल्लू काचेवर चोच मारतं. टक टक टक!

डबा गप्प, पिल्लू गप्प, गोष्टही गप्प. आता आपल्या खोलीतला दिवा कोण घालवणार?

टक!