साळुंकीने दिलेली हाक

पक्षी माणसांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. धाकू तांडेलाच्या होडीवर एक साळुंकी राहत असे. तांडेल पुढच्या टोकावरून ओरडे, “सुकाणू उजवीकडे!” आणि मागे बसलेला त्याचा भाऊ बाळा सुकाणू वळवी. साळुंकीला ते शब्द फार आवडत.

एकदा दाट धुक्यात तिने गंमत म्हणून हुबेहूब तांडेलाच्या आवाजात हाक दिली, “सुकाणू उजवीकडे!” बाळाने सुकाणू वळवलं. होडी खडकावर आदळली, फळी फुटली आणि पाणी आत येऊ लागलं.

“कोणी सांगितलं वळवायला?” तांडेल कडाडला.

“दादा, तूच की!”

साळुंकी मान खाली घालून पुढे आली. “मी ओरडले. मला तो नुसता शब्द वाटला.”

“अगं, त्या शब्दाच्या भरवशावर आमचे जीव असतात,” पाणी उपसत बाळा म्हणाला.

किनारा येईपर्यंत साळुंकीने पंखात खुपसलेली चोच वर काढली नाही.