राहेलमावशीच्या हातचा चहा

“माझ्या प्रार्थनेत नेमकं कमी काय पडतंय, ते तरी सांगा बाई!”

एस्तेरने उंबऱ्यावरूनच विचारलं. आत येऊन टेकायचीही तिची तयारी नव्हती.

सगुणाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. खालच्या वाडीतल्या बायकांना प्रार्थना करायला त्यांनीच शिकवलेलं. एस्तेर त्यांची सगळ्यात पुढची शिष्या. ती प्रार्थनेला उभी राहिली की बायका पदराने डोळे टिपत, आणि हे एस्तेरला पक्कं ठाऊक होतं.

“कुणासाठी करतेस?”

“राहेलमावशीसाठी. दुसरं कोण!”

बाईंची बोटं तांदळातच थांबली...

राहेलमावशी सुईण. चाळीस वर्षांत वाडीतलं एकेक मूल आधी तिच्या हातात आलं, मग आईच्या कुशीत गेलं. एस्तेरची दोन्ही पोरंसुद्धा. गेल्या महिन्यात राहेलमावशीची स्वतःची एकुलती लेक, नलिनी, बाळंतपणाला माहेरी आली. मूल आडवं होतं. बोलावलेली जीप ओढ्यापलीकडे चिखलात रुतून बसली. ती येईपर्यंत राहेलमावशीचे हात चालत राहिले. आली तेव्हा लेकही गेली होती, नातूही.

तेव्हापासून तिने चूल पेटवली नव्हती. शेजारणी डबा ठेवून जात. फारच गळ घातली तर चतकोर भाकरी पोटात जाई, बाकीची कुत्री खात. “मला आता कशाचीच वाट बघायची न्हाई,” एवढंच ती म्हणे. नलिनीशेजारी आणखी एक खड्डा खणावा लागणार, असं वाडी दबक्या आवाजात बोलू लागली होती.

“एकवीस दिवसांचा उपास धरलाय मी तिच्यासाठी,” एस्तेर म्हणाली. “चर्चमध्ये सगळ्यांपुढे उभं राहून नवस बोललेय. दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय थेंब नाही. आज एकोणिसावा.”

“बरं.”

“रोज जाते. शास्त्र वाचते. गुडघ्यांना घट्टे पडले बाई. आणि ती आपली भिंतीकडे तोंड करून बसलेली. साधं आमेनसुद्धा म्हणत नाही!”

सगुणाबाईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“परवा मात्र वाटलं, देवानं ऐकलं. माझी प्रार्थना चालू होती, आणि ती उठली. चूल पेटवली.”

“काय म्हणालीस?”

“चूल पेटवली. चहा केला. कप आणून माझ्यापुढं ठेवला. मी म्हटलं, मावशी, मला उपास आहे. तुमच्यासाठीच आहे.”

“मग?”

“मग काय... कप उचलला आणि मोरीत ओतला. पुन्हा भिंत. कालपासून तर दारही उघडत नाही.”

बाईंनी सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

“चप्पल दे माझी.”

एस्तेरने कडेला ठेवलेलं आपलं बायबल काखेत घेतलं.

“ते राहू दे इथंच.”

“शास्त्र न घेता जायचं?”

“तुझं पाठ आहे ना सगळं?”

“आहे की.”

“मग बसू दे त्याला डोक्यात गप. चल.”

दुपार तापली होती. राहेलमावशीच्या दाराशी कालचा डबा तसाच पडला होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या. सगुणाबाईंनी कडी वाजवली.

आत काही हललं नाही.

पुन्हा वाजवली.

“कोण हाय?”

“सगुणा.”

“प्रार्थना नगं मला.”

“प्रार्थनेला कोण आलंय? ऊन लागलंय मला. चहा दे.”

एस्तेरला वाटलं, संपलं. बाई म्हाताऱ्या झाल्या, आता त्यांना काही सुचत नाही.

“साखर न्हाई घरात.”

“चालंल.”

“दूध बी न्हाई.”

“चालंल म्हटलं ना! पत्ती तरी आहे, का तीही मीच आणू?”

कडी निघाली.

दोन दिवसांत हे माणूस केवढं आटलं होतं! गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. आणि हात तिने पदराखाली धरले होते, चोरून आणलेली वस्तू लपवावी तसे.

तिने चूल पेटवायला घेतली. काटक्या ओलसर होत्या. धूर घरभर झाला. फुंकणी दोनदा तिच्या हातून सुटली. एस्तेर मदतीला उठू लागली, तर सगुणाबाईंनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. म्हातारीच्या मुठीत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“आता डोळे मिटाल न्हवं दोघी?” राहेलमावशी पाठमोरीच म्हणाली. त्यात विषासारखं काहीतरी होतं. “करा सुरू.”

“आधी चहा होऊ दे,” सगुणाबाई म्हणाल्या.

चहा झाला. पहिला कप तिने सगुणाबाईंपुढे ठेवला. दुसरा घेऊन ती एस्तेरसमोर आली आणि उभीच राहिली.

“हिला उपास आसंल.”

ती मोरीकडे वळली.

एस्तेरने बाईंकडे पाहिलं. बाई आपल्या कपावर फुंकर घालत होत्या.

“बाई...”

बाईंनी मान वर केली नाही.

दोनच दिवस राहिले होते. रविवारी चर्चमध्ये उभं राहून देवाने काय केलं याची साक्ष द्यायची होती. तिचे शब्दही एस्तेरने मनात जुळवून ठेवले होते. सगळ्यांपुढं बोललेला नवस, आणि तो असा काळ्या पाण्यासाठी मोडायचा? मावशी कप घेऊन पुढे सरकत होती. मोरी दोन पावलांवर होती.

“द्या इकडं,” एस्तेर म्हणाली.

राहेलमावशी थांबली, पण वळली नाही.

“मावशी, द्या.”

चहा कडूजहर होता. धुराचा वास तोंडभर पसरला. एस्तेर प्यायली. राहेलमावशी समोर उभी राहून तिच्या गळ्याकडे बघत होती. एकेक घोट खाली उतरतो की नाही, हे बघत होती.

“कडू झालाय.”

“झालाय.” एस्तेर म्हणाली.

“तरी पितीस?”

“पिते.”

राहेलमावशी मटकन खाली बसली.

“त्या दिसापासनं माझ्या हातचं कुणी काय घेतलं न्हाई. डबं आणून ठिवत्यात, पर तांब्याभर पाणी कुणी मागत न्हाई. बायका पोटाशी पदर वढून जात्यात माझ्यापुढनं. परवा मनात आलं, ही देवाची बाई. हिनं घेतलं तर...”

तिने चुलीतली काटकी मागे ओढली. सगुणाबाईंनी कप खाली ठेवला.

“हिनं बी न्हाई घेतला. तवा म्या म्हटलं, वरच्याचा बी त्योच निकाल. आता मोकळं झालं. दार लावून घ्यावं.”

 एस्तेरला पाठ असलेल्या शेकडो वचनांतलं एकही पुढे आलं नाही. तिने रिकामा कप पुढे केला.

“अजून उरलाय का, मावशी?”

राहेलमावशीने तिच्याकडे पाहिलं. मग पातेलं ओढून तिच्या कपात ओतलं. अर्धा कप भरला. तळाशी गाळासकट घोटभर राहिला. तो टाकून द्यावा की काय, अशी ती क्षणभर घोटाळली, आणि पातेलंच तोंडाला लावलं.

घोट उतरला. पातेलं खाली ठेवून तिने हात पुन्हा पदराखाली घेतले. मग तिच्या घशातून एक आवाज निघाला. रडणं नव्हतं ते, वेणा येतात तसं काही होतं. एस्तेरने असा आवाज स्वतःच्या बाळंतपणात काढला होता, आणि तेव्हा याच हातांनी तिला धरून ठेवलं होतं. ती सरकली आणि तिने ते दोन्ही हात पदराखालून बाहेर काढले. गार होते. ते तिने सोडले नाहीत.

आवाज चालू राहिला... सगुणाबाई भिंतीला टेकून बसून राहिल्या.

दोघी निघाल्या तेव्हा राहेलमावशी जमिनीवर आडवी होती. झोपली होती की नुसती पडली होती, कळत नव्हतं. दार तिने लावून घेतलं नव्हतं.

दोघी ओढ्यापर्यंत आल्या. दिवस अजून डोक्यावरच होता.

“बाई, माझा नवस मोडला. रविवारी काय सांगू सगळ्यांना?”

“चहा कडू होता म्हणून सांग.”

एस्तेर चार पावलं चालली. मग एकदम थांबली.

“अगबाई! आपण प्रार्थना न करताच निघालो की!”

“न करता कुठं?” सगुणाबाई म्हणाल्या. “राहेलनं केली. तू प्यायलीस.”