म्हाळबा भोयाची न टेकलेली पालखी

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा घाटमाथ्यावर सोनवळ नावाचं राज्य होतं, आणि आपल्या पणजीच्या पणजीलाही ते जुनंच वाटायचं. राजे आले, राजे गेले. कुणी तळी बांधली, कुणी नुसती लग्नं केली, एकाने तर जन्मभर शिकारीशिवाय काही केलंच नाही. राज्य मात्र मोडलं नाही. असं म्हणतात, ते टिकलं एका फेरीमुळे.

दसरा झाला की राजा पालखीत बसायचा आणि राज्याच्या शिवेवरून फिरून यायचा. फेरीत राजाचं मौन असे. पालखीचा पडदा सोडलेला असे, आणि फेरी पुरी होईपर्यंत तो कुणी उघडायचा नाही. लोक वाटेवर उभे राहून पडद्याशीच आपली गाऱ्हाणी सांगत. पालखी जमिनीला टेकायची नाही, मुक्कामालासुद्धा काठ्यांच्या टेकूवर ठेवायची. आणि सगळ्यांत मोठा नेम असा, की राजा फेरीवर असताना गादीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

भैरवदेव राजाच्या पालखीला पुढच्या दांडीवर म्हाळबा भोई होता. उंच, हडकुळा, बोलायला कंजूष. त्या वर्षी फेरी अर्ध्यावर आली आणि रानात राजाला ताप भरला. वैद्याकडे माणूस धाडेपर्यंत राजाने डोळे मिटले.

भोई हबकले. गडावर राणी गरोदर होती, आणि राजाचा चुलतभाऊ नागोजी गादीवर टपून बसला होता. राजा गेल्याचं कळलं असतं, तर त्याने त्याच दिवशी गादी घेतली असती आणि राणीच्या पोटातलं लेकरू काही वाचलं नसतं. भोई रडायला लागले. म्हाळबा विचार करत होता. फेरी पुरी झाली नाही तर राजा फेरीवरच आहे ना? आणि फेरी किती दिवस चालावी, हे तर कुणी कधी ठरवलंच नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

त्यांनी राजाला ओढ्याकाठी अग्नी दिला, भंडारा उचलून शपथ घेतली, गुपचूप राणीला निरोप धाडला आणि रिकामी पालखी खांद्यावर घेतली.

आता चालणं आलं. गडाचा पायथा आला की म्हाळबा वाट वळवी आणि पुन्हा शिवेला लागे. लोक म्हणाले, राजाने मोठं व्रत धरलंय. पडद्याआड ताट जाई आणि रिकामं बाहेर येई. ते भोई वाटून खात, तेवढंच काय ते सुख. पण जिवाला स्वस्थता कसली? पान हललं तरी मागे वळून बघायचे. नागोजीचे स्वार कधी मागे दिसत, कधी पुढे. एका गावात भाकर तोडावी, तर दुसऱ्या गावात चावावी, असं चाललेलं.

फेरीच्या वाटेवर म्हाळबाचं स्वतःचं घर होतं. पालखी दारावरून चालली तेव्हा त्याची बायको गोजरा बाहेर आली. भोयाची लेक ती. नवऱ्याचं पाऊल बघूनच तिने ओळखलं. जवळ येऊन हलकेच म्हणाली, "अवं, आत कुनी न्हाई. पाय लई हलकं पडत्यात तुमचं. मला दिसलं, तसं दुसऱ्यालाबी दिसंल."

गोजरा घरात गेली, जातं उचलून आणलं, आणि नवस असल्यासारखं डोळे मिटून पडद्याच्या फटीतून आत सरकवलं. तेव्हापासून ती शेजारणीच्या जात्यावर दळू लागली. का, असं विचारलं तर म्हणायची, "माझं मोडलं." बिचारीने नवऱ्याला "घरी कधी येणार" एवढंसुद्धा विचारलं नाही.

गडावर राणीला मुलगी झाली. तिचं नाव माणकाई. चालू लागल्यापासून ती दर खेपेला आईचं बोट धरून गडाच्या पायथ्याला पालखी बघायला यायची आणि पडद्याला तोंड लावून बापाशी बोलायची. दात पडला, वासरू मेलं, आई हल्ली रडते. आतून उत्तर येत नसे. पुढच्या दांडीवरचा म्हाळबा सगळं ऐकायचा, आणि घाम पुसायचं निमित्त करून डोळे पुसायचा.

बाकीचे भोई म्हातारे झाले, नवे आले. म्हाळबाने खांदा बदलला, पण दांडी सोडली नाही.

शेवटी नागोजीचा धीर सुटला. एका खिंडीत त्याने पालखी अडवली आणि पडद्याला हात घातला. म्हाळबा म्हणाला, "सरकार, पडदा उघडायचाय तर आधी खांदा द्या. ज्यानं राजा वाहिला न्हाई, त्यानं राजा बघू न्हाई."

स्वारांसमोर माघार कशी घ्यायची? नागोजीने हसत दांडीखाली खांदा दिला. आत होतं एक जातं. पण असं म्हणतात, इतक्या वर्षांत लोकांनी सांगितलेलं सगळं त्या पडद्याआड साठलं होतं. बुडालेली शेतं, मेलेली पोरं, परत न आलेले नवरे. ते सगळं एकदम नागोजीच्या खांद्यावर आलं. त्याचे गुडघे वाकले, तोंडाला फेस आला, आणि "काढा! काढा!" असं ओरडत तो जो पळाला, तो घाट उतरूनच थांबला. पुन्हा वर आला नाही.

माणकाई जाणती झाली तेव्हा राणीने तिला खरं काय ते सांगितलं. ती धावत पायथ्याला पालखीपाशी आली. पडदा तिने उघडला नाही. म्हाळबासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मग इतकी वर्षं माझं ऐकत कोण होतं?"

म्हाळबाने पुन्हा घाम पुसायचं निमित्त केलं. माणकाईने त्याच्या पायाला हात लावला, मागची दांडी खांद्यावर घेतली आणि फेरी पुरी करून ती गादीवर बसली. तिने पहिला शब्द काढला तो असा, "म्हाळबाकाका, बसा आता."

तो बसायला गेला, पण पाय थांबेनात. सदरेवर येरझारा घालू लागला. घरी आला तरी तेच. गोजरेने पाट मांडला, पाय चेपले, देवाला साकडं घातलं. जेवायचा तो उभ्याने, आणि झोपेतही त्याचे पाय चालत. शेवटी एका सकाळी तो शिवेच्या वाटेला लागला. गोजरेने दार ओढून घेतलं आणि तीही निघाली. दोघं परत आलेली कुणी पाहिली नाहीत. असं म्हणतात, ती अजून चालताहेत.

आज राज्य नाही, गडावर शेळ्या चरतात. पण दसऱ्यानंतर गावची पोरंपोरी रिकामी पालखी शिवेवरून फिरवतात. म्हाळबाच्या घराची जागा आली की पालखी मातीवर टेकवतात, आणि गावातली सगळ्यांत म्हातारी बाई मोठ्याने म्हणते, "म्हाळबा, गोजरे, बसा आता." मग सगळं गाव आहे तिथे खाली बसतं. सरपंच बसतो, हातात दूध घेतलेली बाई बसते. एस.टी. थांबते, ड्रायव्हर उतरतो आणि रस्त्याच्या कडेला मांडी घालतो. मधे थोडी जागा सोडलेली असते, दोघांपुरती.