जागलीच्या डोंगरावरची न पेटणारी दीपमाळ

देवळापुढची ही दीपमाळ नीट पाहा. तिच्या एकाही हातावर काजळी नाही. त्रिपुरी पौर्णिमेला सगळा मुलूख दिवे लावतो. कळमजाईची दीपमाळ मात्र अंधारात उभी असते. पलीकडे फोनचा लोखंडी मनोरा आहे, आणि त्याच्या पायाशी जो जुना चौथरा आहे, त्याचे दगड काळेकुट्ट आहेत. दोन्हींचे कारण एकच. ते ऐकताना हातातले फोन खाली ठेवावेत.

ही जागा मनोरा उभारणाऱ्यांनी शोधली असे समजू नका. तळ्याचा डोंगर वर, नळवाडी खाली नदीकाठी. मध्ये कडा आडवा, म्हणून त्यांना एकमेकांचे दर्शन नाही. दोघांनाही दिसतो तो फक्त हा माथा. तळ्याच्या डोंगरावरचा मनोरा पाठवतो ते हा झेलतो आणि खाली देतो. खालचे वर देतो. मधला आंधळा झाला की दोन्हीकडचे बहिरे होतात. पूर्वी हेच काम अग्नी करीत असे.

असे सांगतात की, तळ्याचा बांध खचू लागला की वरचे लोक जाळ करीत. तो पाहून या माथ्यावर जाळ होई, आणि तो पाहून नळवाडी काठ सोडून टेकाडावर चढे. चढण्याआधी नळवाडीने काठावर उलट जाळ करायचा, म्हणजे निरोप पोचल्याचे इथे कळे. तो दिसेपर्यंत इथला जाळ सोडून हलायचे नाही, अशी भंडारा उचलून घेतलेली शपथ होती. इथली जागल हैबती मेंगाळ याच्याकडे होती. नळवाडीच्या उलट जाळाचा मान त्याच्या लेकीच्या, येसूच्या, सासरी होता.

गावचा पाटील कुसाजी. त्याला नवस फेडायचा होता. पण देवीला दिसावा म्हणून नव्हे, नळवाडीला दिसावा म्हणून. त्याने जागलीच्या चौथऱ्याशेजारीच ही दीपमाळ बांधली.

हैबती म्हणाला, "पाटील, या माथ्यावर एकच जाळ असावा. दुसरा दिसला तर खालच्यांनी खरा कोणता मानायचा?"

"देवीच्या दिव्यांनी तुझी शेकोटी बाटते काय रे? अरे, तुझी येसू तिकडून बघेल अन् सासूला सांगेल, बघा माझं माहेर!"

लोक हसले. हैबती गप्प बसला. तिथेच पाप घडले. जाणणारा गप्प बसतो, तेव्हा न जाणणाऱ्याचा अपराध दुप्पट होतो.

कार्तिकात तळे काठोकाठ भरलेले होते. दिवेलागणीला दीपमाळ पेटली. नळवाडीची माणसे ती पाहायला नदीकाठी जमली. आणि त्याच वेळी तळ्याच्या डोंगरावर जाळ दिसला. हैबतीने धावत जाऊन आपला जाळ पेटवला. इतक्या दिव्यांत तो आणखी एक दिवा ठरला. खाली लोकांनी हात जोडले म्हणे. उलट जाळ काही होईना.

"दीपमाळ विझवा!" हैबती ओरडला.

"देवीचा दिवा फुंकायचा? जीभ झडेल तुझी!" पाटील गरजला.

"आई समोर बसली आहे. काय ते तीच बघेल."

त्याने घोंगडी पाण्यात बुडवली आणि दिव्यांवर झोडपायला सुरुवात केली. गाव त्याच्यावर काठ्या घेऊन धावले. उंचावरच्या दिव्यांना त्याची घोंगडी पोचत नव्हती; ते आपोआप विझले, असे सांगतात. कोणी म्हणतात, वारा आला. मी म्हणतो, आमच्या भक्तीची देवीला लाज वाटली.

माथ्यावर एकच जाळ उरला. मग नळवाडीला तो कळला. काठावर उलट जाळ झाला. क्षणभर दिसला, आणि पाण्याने गिळला.

नळवाडी वाचली, एक येसू सोडून. उत्तर दिसल्याशिवाय बाप हलणार नाही, हे तिला ठाऊक होते. सगळ्यांना पुढे घालून ती जाळ करायला मागे राहिली होती.

इथे लोक हैबतीला म्हणाले, "उत्तर आलं बाबा, विझव आता." फुटलेल्या डोक्याने तो लाकडे सारीत राहिला. म्हणाला, "उत्तर आलं. पण पोरीला वर चढायला उजेड नको का?"

आपण यातून काय शिकलो? गतसाली गावातल्या चौघा शहाण्यांनी मनोऱ्याच्या जनरेटरचे डिझेल काढून यात्रेच्या कमानीची रोषणाई केली. वीज गेली आणि मनोरा मुका झाला. नळवाडीत साप चावलेल्या बाईसाठी गाडी बोलावता येईना. तिला झोळीत घालून नेले. ती जगली, ही देवीची कृपा. त्याने त्यांचा अपराध उणा होत नाही. जाब विचारला तर मलाच म्हणतात, "गुरवबाबा, रोषणाई देवीचीच होती ना?" कुसाजीही देवीचेच नाव घेत होता. दुसऱ्याचा निरोप ही आपल्याकडे ठेवलेली ठेव असते. ती बुडवून केलेली पूजा कळमजाई घेत नाही.

आजही त्रिपुरीला दीपमाळेवर वात ठेवली जात नाही. गावातला प्रत्येक दिवा मालवतात आणि काळ्या चौथऱ्यावर एकच जाळ करतात. नळवाडीचा उलट जाळ दिसेपर्यंत कोणी अन्नाला शिवत नाही. तो दिसतो. तरीही इथला जाळ उजाडेपर्यंत विझू देत नाहीत. येसूला वर चढायचे आहे.