सरकारांच्या पिकअपमधलं डिझेल इंजिन

इंजिन बदलायचं, पण जुनं इंजिन गाडीवरून खाली उतरवायचं नाही, असा हुकूम वेळंबीच्या सरकारांनी सोडला, तेव्हा ओसरीवर बसलेली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली.

गाडी सरकारांच्या वडिलांची, आबासाहेबांची. पेट्रोलवर चालणारी हिरवी पिकअप. आबासाहेबांचा तिच्यावर इतका जीव, की अखेरच्या आजारपणात त्यांनी लेकाकडून शब्द घेतला होता: या इंजिनाला गाडीवरून खाली उतरू द्यायचं नाही. सरकारांनी तो दिला, आणि दिलेला शब्द ते कधी फिरवत नसत. पण नुकतीच त्यांनी पठारावर आंब्याची कलमं लावली होती. पाण्याची पिंपं भरून पिकअप घाटाला लागली की अर्ध्या वाटेत तापून बसे. शिवाय पेट्रोल आणायचं तर तालुका गाठावा लागे. ट्रॅक्टरचं डिझेल मात्र बंगल्यावर कायम भरलेलं. गाडी अडली की गावच्या बाया हंडे डोक्यावर घेऊन पठार चढत. त्यांत गॅरेजवाल्या जुबेदाची खाला, म्हणजे मावशीही असे.

जुबेदा मुलाणी ही तीन रस्त्यांच्या तिकटीवरच्या गॅरेजची मालकीण. वडील दादू मिस्त्री वारल्यावर गॅरेजला टाळं लागणार असं सगळ्यांनी धरलं होतं. तिने टाळं लागू दिलं नाही. तिचा हात पान्यावर जितका चाले, तितकीच जीभही चाले. जागा मात्र सरकारांची होती, आणि त्या जागेवर कारभारी गोविंदतात्यांचा डोळा होता. त्यांना तिथे मेहुण्याला हॉटेल काढून द्यायचं होतं. हे काम जुबेदाला सांगावं, असं सरकारांच्या कानात घातलं ते तात्यांनीच.

सरकारांनी तिला बोलावून घेतलं. मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन आणून ठेवलं होतं, ते दाखवलं. मग एक अट आणखी वाढवली. डिझेल इंजिन वजनाला भारी, म्हणून गाडीचं नाक खाली झुकलेलं त्यांना चालणार नव्हतं. आबासाहेबांची गाडी मान खाली घालून गावातून फिरणार नाही, असं त्यांनी बजावलं. जमलं तर मागेल ते मिळेल. नाही जमलं तर गॅरेज उचलायचं.

"सरकार, आबासाहेबांना शब्द नेमका काय दिला होता?" जुबेदाने विचारलं.

"इंजिन गाडीवरून खाली उतरणार नाही, हाच."

"बरं," ती म्हणाली आणि पिकअप घेऊन गेली.

बरं म्हणताना ती हसली होती, पण गॅरेजपाशी आल्यावर तिने बॉनेट उघडून माप घेतलं. बॉनेटखाली दोन इंजिनं मावणं शक्यच नव्हतं. दोन दिवस ती नुसती गाडीभोवती फिरली. पुढच्या स्प्रिंगांत लोखंडी पाटे वाढवून बघावेत, तर नाक सावरेल, पण पहिल्या अटीचं काय? वैतागून ती मागच्या हौद्याच्या फळीवर जाऊन बसली. तिच्या वजनाने मागची बाजू जराशी दबली, पुढची जराशी उचलली गेली. जुबेदा तशीच बसून राहिली. मग एकटीच मोठ्याने हसली.

दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजमागच्या चिंचेच्या जाड फांदीला साखळीची कप्पी टांगली. जुन्या इंजिनाचे बोल्ट सोडले आणि ते टपापेक्षा उंच उचलून अधांतरी धरलं. तिकटीवरच्या चहावाल्यापासून सगळे बघायला जमले. तात्याही आले. इंजिन बॉनेटबाहेर निघालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि पुढचं बघायला न थांबता बंगल्याकडे धूम ठोकली. अट मोडली, हे सांगायची त्यांना इतकी घाई झाली होती!

सरकारांनी मात्र काम पुरं होईपर्यंत वाट पाहिली. जुबेदाचा निरोप आला तेव्हा ते तात्यांना घेऊन तिकटीवर पोचले. त्यांनी बॉनेट उघडलं. आत टेम्पोचं डिझेल इंजिन. त्यांचा चेहरा लाल झाला.

"आबासाहेबांचं इंजिन कुठे आहे?"

जुबेदाने हौद्यावरची ताडपत्री ओढली. हौद्याच्या अगदी मागच्या टोकाला, लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेलं जुनं इंजिन बसलं होतं. शेजारी पाण्याचा पंप, दोघांवरून पट्टा.

"हे खाली उतरवल्याशिवाय मागे गेलं कसं?" तात्या ओरडले. "मी स्वतः बघितलंय, काढलं होतं हिने!"

"उचललं होतं, उतरवलं नव्हतं," जुबेदा म्हणाली. "इंजिन फांदीला लटकत होतं तिथेच राहिलं. आम्ही गाडी ढकलून पुढे नेली. हौदा इंजिनाच्या बरोबर खाली आला, तसं ते त्यात टेकवलं. इंजिन जागचं हललंच नाही, सरकार. हलली ती गाडी."

सरकारांनी चहावाल्याकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

"आणि नाक?" तात्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

सरकार चार पावलं मागे सरले आणि गाडी एका बाजूने न्याहाळली. पुढे भारी इंजिन, मागच्या टोकाला जुनं इंजिन. पुढच्या स्प्रिंगांत दोन पाटे जास्तीचे. पिकअप सरळ उभी होती.

"मागे नुसतं वजन म्हणून ठेवलंस का ते?" त्यांनी विचारलं. आवाज उतरला होता.

जुबेदाने जुनं इंजिन सुरू केलं. आबासाहेबांच्या गाडीचा तो ओळखीचा आवाज तिकटीवर घुमला. सरकार क्षणभर डोळे मिटून उभे राहिले.

"चढ ओढायचं काम डिझेलचं," ती म्हणाली. "ओढ्यातून पाणी उपसायचं आणि वर कलमांना घालायचं काम आबासाहेबांच्या इंजिनाचं, तेवढ्याला पेट्रोलही थोडकंच लागेल. म्हाताऱ्या माणसाला घाट चढायला लावू नये, सरकार. मागे बसवून न्यावं."

सरकारांना आधी हसू आवरेना, मग ते आवरायचंच त्यांनी सोडून दिलं. हसता हसता त्यांनी पिकअपचा कठडा धरला. डोळे पुसून झाल्यावर काय हवं ते माग म्हणाले. जुबेदाने पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं. गॅरेजची जागा तिच्या नावावर करून द्यायचा हुकूम सरकारांनी तिथल्या तिथे सोडला, आणि ते काम गोविंदतात्यांकडे सोपवलं.